रोमा संस्कृतीचा कार्यक्रम करायचाय? मग आधी ‘आपलेच लोक’ म्हणणं थांबवा

दरवर्षी फेब्रुवारी संपत आला की मला दोन-तीन मेसेज येतातच. कुठल्यातरी गावातलं मराठी मंडळ असतं, नाहीतर लायब्ररीत व्हॉलंटियर करणारी एखादी ताई, “अगं ते रोमा लोक मूळचे आपल्याकडचेच ना, मग ८ एप्रिलला त्यांच्यासाठी काहीतरी करूया म्हणतोय, तू मागे केलं होतंस ना, जरा सांग की काय काय लागतं”. (रोमा म्हणजे युरोपभर विखुरलेला समाज, ज्याला बाहेरचे लोक जिप्सी म्हणत आलेत, आणि ८ एप्रिल हा त्यांचा आंतरराष्ट्रीय दिवस.) सोबत प्लॅन पण जोडलेला असतो. त्यात दीपप्रज्वलन, घागरा-चोळी घालून बंजारा डान्स, ‘भारत ते युरोप’ अशी अर्ध्या तासाची स्लाइड, आणि शेवटी पावभाजी. या सगळ्यात रोमा माणसं कुठेत विचारलं तर म्हणतात ती येतील की बघायला.

हसू नका, माझा पहिल्या वर्षीचा प्लॅन साधारण असाच होता. मी यॉर्कशायरमध्ये राहते, आमच्या भागात स्लोव्हाकियातून आलेली बरीच रोमा कुटुंबं आहेत, आणि आता सहा वर्षं झाली त्यांच्याबरोबर छोटे-मोठे कार्यक्रम करतेय. तर प्रत्येकीला वेगवेगळं व्हॉइस नोट पाठवण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकते. हे इंग्लंडचं आहे, जर्मनी-नेदरलँडवाल्यांनी कागदपत्रांचा भाग आपापल्या गावात विचारून घ्या, बाकी सगळीकडे सारखंच.

१. तुमच्या गावात नक्की कोण राहतं ते शोधा

ही पायरी सगळे गाळतात. ‘रोमा’ म्हणजे एकच एक गट असं धरून चालतात आणि मग पोस्टरवर चाकाची रंगीत गाडी, शेकोटी, फेर धरून नाचणारी बाई. आपल्याला मराठीत जिप्सी म्हटलं की एकतर मारुतीची गाडी आठवते नाहीतर कवितेतला मनमौजी भटक्या, त्यामुळे असं होतं. पण इंग्लंडात निदान तीन वेगळे समाज आहेत. एक, इथे काही शतकं असलेले रोमानीचल, यातले बरेच जण स्वतःला अभिमानाने जिप्सी म्हणवतात. दोन, आयरिश ट्रॅव्हलर, जे रोमा नाहीतच, मूळ आयर्लंडचे, त्यांची बोली वेगळी. तीन, स्लोव्हाकिया, चेक, रोमानिया, पोलंड, हंगेरी इकडून आलेले रोमा, त्यातले बहुतेक २००४ नंतर युरोपियन युनियन वाढलं तेव्हा कामासाठी आले. यांच्यापैकी कित्येकांना जिप्सी हा शब्द शिवीसारखा लागतो. आणि भटके वगैरे अजिबात नाहीत हो, स्लोव्हाकियातले बहुतेक रोमा पिढ्यानपिढ्या एकाच गावात घर करून राहिलेत. त्यांच्या कार्यक्रमाला गाडीचं चित्र लावणं म्हणजे कोल्हापूरच्या माणसाला उंटावर बसवून ‘इंडियन’ म्हणून दाखवण्यातला प्रकार.

कसं शोधायचं? २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये पहिल्यांदाच ‘रोमा’ असा वेगळा चौकोन होता, त्यात साधारण १ लाख ३ हजार लोकांनी खूण केली, आणि जिप्सी किंवा आयरिश ट्रॅव्हलर या चौकोनात ७१ हजारांच्या वर. शहराप्रमाणे आकडे सरकारी साइटवर फुकट मिळतात. पण खरा आकडा याहून मोठा असणार हे धरून चाला, कारण सरकारी कागदावर ‘मी रोमा’ असं लिहायला बरेच जण कचरतात, का ते पुढे येईलच. मग शाळेतल्या भाषा-मदतनीस, हेल्थ व्हिजिटर म्हणजे लहान मुलांच्या घरी येणाऱ्या नर्स, चर्च, यांना विचारा की कुठल्या देशातले, घरात काय बोलतात.

जर्मनीत असाल तर ‘सिंती आणि रोमा’ असं दोन्ही म्हणायची पद्धत आहे (सिंती म्हणजे तिथे शतकानुशतकं असलेली शाखा) आणि ‘त्सिगॉयनर’ हा जुना जर्मन शब्द तोंडातून सुद्धा काढू नका. फ्रान्समध्ये मानूश, फिनलंडमध्ये काले. जो समाज स्वतःला जे म्हणतो तेच पोस्टरवर.

तपासून घ्या: पोस्टरवर चुकून रोमानियाचा झेंडा तर नाही ना? रोमानी आणि रोमानियन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक भाषा-समाज, दुसरा देश. हसाल, पण डिझाइन करणाऱ्याने घाईत गुगलवरून उचललेला निळा-पिवळा-लाल झेंडा मी स्वतः छापून आलेल्या ४० पत्रकांवर बघितलाय.

२. काही ठरवायच्या आधी माणसांना भेटा

तीन महिने आधी. हो, तीन. आपली सवय अशी की हॉल बुक, तारीख फिक्स, फ्लायर तयार, आणि मग ‘चला आता दोन रोमा लोक स्टेजवर हवेत’. तिथेच गाडी घसरते, कारण समोरच्याला पहिल्या मिनिटाला कळतं की आपल्याला शोभेला बोलावलंय.

सुरुवात एका माणसापासून करा. आमच्याकडे ती शाळेच्या गेटवर झाली, माझ्या मुलाच्या वर्गातल्या एका मुलीची आई, तिची सासू नातवंडांना घ्यायला यायची, तिला मी एक दिवस लायब्ररीतून शिकलेलं ‘लाछो दिवेस’ म्हटलं, म्हणजे शुभ दिवस. लाछो म्हणजे चांगला आणि दिवेस म्हणजे दिवसच. ती थांबली, हसली, मग सुनेला काहीतरी म्हणाली. सुनेने भाषांतर केलं, “ती विचारतेय की तू पोलिसवाली आहेस का सोशल वर्कर.” इतकी वर्षं कोणीही रोमानीत बोललं की ते ऑफिसचं काम घेऊनच आलेलं असायचं, ही ती गंमत, आणि गंमत नाही पण.

तर पहिल्या दोन भेटीत कार्यक्रमाचं नावच काढू नका. चहा प्या, मुलांचं काय चाललंय विचारा. तिसऱ्या भेटीत विचारा की असं काहीतरी करायचं मनात आहे, तुम्हाला काय वाटतं, आणि मग गप्प बसा. खरंच गप्प. आम्हाला उत्तर मिळालं ते आमच्या डोक्यात पण नव्हतं, त्यांना डान्स वगैरे नको होता, त्यांना हवा होता एक दिवस जेव्हा शाळेतल्या टीचर त्यांच्या घरचं जेवण जेवतील आणि म्हाताऱ्या बायकांचे गावाकडचे जुने फोटो भिंतीवर लागतील. बस्स.

निदान तीन वेगवेगळ्या घरांशी बोला. एकच कुटुंब धरलं तर कार्यक्रम त्या कुटुंबाचा होतो आणि बाकीचे येत नाहीत, अगदी आपल्या मंडळात होतं तसंच. बायका वेगळ्या, पुरुष वेगळे, आणि विशीतली पोरं वेगळी, सगळ्यांना वेगवेगळं हवं असतं. वयस्कर बाईला ‘बीबी’ म्हणतात, म्हणजे आत्या-मावशी, पण तुम्ही लगेच म्हणायला जाऊ नका, त्यांनी म्हणू दिलं की म्हणा.

सावधान: “आपण तर भाऊ-बहीण, तुम्ही पण इंडियन” हे वाक्य पहिल्या भेटीत नको. भाषा आणि जनुकांवरून हे लोक साधारण हजार वर्षांपूर्वी भारताकडून निघाले हे बरोबर आहे, काहींना त्याचा अभिमानही आहे, पण कित्येकांच्या घरात याचा कधी विषयच निघालेला नसतो, आणि युरोपात “जा तुमच्या देशात परत” हे त्यांनी जन्मभर ऐकलंय. तुम्ही प्रेमाने म्हणाल, त्यांना तेच ऐकू येईल. आणि शब्द कितीही जुळले तरी त्यांच्या हिशोबात आपण ‘गाजे’ म्हणजे रोमा नसलेलेच, वाईट वाटून घेऊ नका. बंजारा-लमाण समाज म्हणजेच रोमा असं पण छातीठोक सांगू नका, तसं सिद्ध झालेलं नाहीये.

३. तारीख

पर्याय तीन-चार आहेत आणि प्रत्येकाचा मूड वेगळा.

८ एप्रिल हा आंतरराष्ट्रीय रोमा दिवस, १९७१ मध्ये लंडनजवळ पहिली जागतिक रोमा परिषद भरली त्याची आठवण. उत्साहाचा दिवस. अडचण ही की बहुतेक वर्षी ईस्टरच्या सुट्टीच्या आसपास येतो, शाळा बंद, टीचर गायब. आणि आपल्या मंडळाचा पाडवा नुकताच झालेला किंवा व्हायचा असतो, कार्यकर्ते दमलेले, मोठी पातेली कोणाच्या गॅरेजमध्ये आहेत ते कोणाला माहीत नसतं.

जून हा इंग्लंडात जिप्सी, रोमा आणि ट्रॅव्हलर हिस्टरी मंथ असतो, २००८ पासून. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा करणाऱ्यांनी जूनच घ्यावा, शाळा चालू, उजेड रात्री नऊपर्यंत, लायब्ररीला पण काहीतरी लावायचंच असतं.

५ नोव्हेंबर जागतिक रोमानी भाषा दिवस, पण इथे त्याच संध्याकाळी बॉनफायर नाइट, फटाक्यांत कोण येतंय.

२ ऑगस्ट हा मात्र साजरा करायचा दिवस नाही. १९४४ च्या २ ऑगस्टच्या रात्री आउशवित्झ-बिर्केनाऊमधल्या रोमा-सिंती कुटुंबांच्या छावणीतल्या उरलेल्या साधारण ४,३०० माणसांना नाझींनी गॅस चेंबरमध्ये मारलं, त्यात मुलं, बायका, म्हातारे होते. त्या दिवशी मेणबत्ती, फुलं, नावं वाचणं, एवढंच. आणि ऑगस्टमध्ये आमच्याकडची निम्मी कुटुंबं स्लोव्हाकियाला गेलेली असतात.

रविवार सकाळ टाळा. बरीच कुटुंबं कॅथलिक किंवा पेंटेकोस्टल आहेत आणि पेंटेकोस्टल चर्चची प्रार्थना एक वाजता संपेल म्हणाले की तीन धरायचे. बाल्कनकडचे काही रोमा मुसलमान आहेत, तिथे रमजान-ईद बघा.

४. हॉल, पैसे, कागद

हे पटकन. हॉल त्यांच्या वस्तीपासून चालत दहा मिनिटांत हवा, गावाच्या दुसऱ्या टोकाचा सुंदर हॉल फुकट मिळाला तरी घेऊ नका. पब्लिक लायबिलिटी इन्शुरन्स हॉलचा की तुमचा, ते लेखी विचारा. गाणी वाजवायचं लायसन्स हॉलकडे आहे का विचारा. दारू विकणार असाल तर काउन्सिलला, म्हणजे तिथल्या नगरपालिकेला, किमान १० कामाचे दिवस आधी नोटीस द्यावी लागते, पण विकूच नका, डोक्याला ताप नाही. मुलांचे खेळ ठेवणार तर आईबाप हॉलमध्येच थांबतील असं ठेवा म्हणजे मुलांना एकटं सांभाळायची जबाबदारी आणि त्यासाठी लागणारी गुन्हेगारी नोंदींची तपासणी दोन्ही सोपं जातं.

पैशाचं मात्र नीट ऐका. ग्रँट मागताना अर्जात रोमा लोकांच्या कामाचे पैसे लिहा, स्वयंपाक करणाऱ्या बायकांचे, वादकांचे, दुभाष्याचे. आपण ढोल-ताशा पथकाला सुपारी देतो ना, मग ॲकॉर्डियनवाल्या काकांनी ‘कम्युनिटीसाठी’ फुकट का वाजवायचं? लग्नात वाजवून त्यांचं घर चालतं. रक्कम आधी ठरवा, कॅशमध्ये देणार की खात्यात ते विचारा, आणि त्याच दिवशी द्या. एका वर्षी एका संस्थेने आमच्या वादकांना पैसे द्यायला अडीच महिने लावले, इनव्हॉइसचा फॉर्म, मग त्या फॉर्मचा अजून एक फॉर्म. पुढच्या वर्षी ते वादक आले नाहीत, आणि शिव्या मी खाल्ल्या.

५. निमंत्रण पोहोचवणं

इथे सगळ्यात जास्त मेहनत वाया जाते. आम्ही हौसेने रोमानीत पत्रक छापलं होतं. कोणी वाचलंच नाही. कारण घरात रोमानी बोलतात पण शाळा स्लोव्हाकमध्ये झाली, रोमानी वाचायची सवयच नाही, शिवाय रोमानीच्या बोली इतक्या वेगळ्या की पूर्व स्लोव्हाकियातल्या बाईला रोमानियाकडची काल्देराश बोली अर्धीच कळते. आणि वयस्कर लोकांपैकी काहींना वाचताच येत नाही, ते हे तुम्हाला सांगणार नाहीत, “चष्मा घरी राहिला” म्हणतील.

उपाय सोपा आहे. पत्रक स्लोव्हाक आणि इंग्लिशमध्ये, मोठ्या अक्षरात, जागेचा फोटो टाकून. आणि खरं निमंत्रण म्हणजे त्यांच्यातल्याच कोणाच्या तरी आवाजात ४० सेकंदाचा व्हॉइस मेसेज, तो व्हॉट्सॲप-फेसबुकवर फिरतो. आमची एक बीबी लाइव्ह येऊन बोलली, मागे कुकरची शिट्टी, कडेवर नातू, आणि त्या रविवारी हॉलमध्ये खुर्च्या पुरल्या नाहीत. आम्ही ६० धरले होते.

सावधान: आधी नाव नोंदवा, फॉर्म भरा, असलं काही नको. दारात रजिस्टर ठेवून ‘वंश’ असा कॉलम तर मुळीच नाही. नाझींनी रोमा लोकांच्या याद्या कशासाठी केल्या ते वर २ ऑगस्टबद्दल वाचलंत त्यावरून कळेलच, आणि तेव्हापासून कुठल्याही यादीत नाव घालायला घरातली म्हातारी माणसं घाबरतात. फंडिंगवाल्यांना संख्या हवी असेल तर दारात एकाला उभं करून खिशातल्या खिशात शेंगदाणे मोजायला सांगा, एक माणूस एक दाणा. आम्ही खरंच असं करतो.

६. भिंतीवर काय लावायचं

झेंड्यापासून सुरुवात. वर निळा, खाली हिरवा, मध्ये लाल चाक, चाकाला १६ आरे. आपला डोळा अशोकचक्राला सरावलेला म्हणून हमखास २४ आऱ्यांचं चाक लाल करून छापलं जातं, नाहीतर झेंडा उलटा, हिरवा वर. प्रिंटला देण्याआधी आरे मोजा. बोट लावून मोजा.

शब्दांच्या कार्डांचा खेळ हा आपल्या मराठी लोकांनी द्यायची सगळ्यात छान गोष्ट आहे, आणि चुका पण इथेच होतात. एका बाजूला रोमानी, दुसऱ्या बाजूला मराठी, मुलांनी जोड्या लावायच्या. पानी-पाणी, कान-कान, गाव-गाव, साप-साप, मानुष-माणूस, कालो-काळा, द्राख-द्राक्ष. लोन म्हणजे मीठ, मग लोणचं आठवतं. माझी आवडती जोडी ‘खाम’, त्यांच्याकडे खाम म्हणजे सूर्य, आपल्याकडे घाम, दोन्ही एकाच जुन्या शब्दातून आलेले, जळगावच्या माणसाला समजावून सांगायची गरजच नाही. आणि ‘नख’ म्हणजे बोटाचं नख नाही हां, नाक! या कार्डावर मुलं सगळ्यात जास्त फसतात आणि सगळ्यात जास्त हसतात.

आकड्यांचा तक्ता लावणार असाल तर सात, आठ, नऊला थांबा. येख, दुई, त्रिन, श्तार, पांज, शोव इथपर्यंत सगळं ओळखीचं वाटतं आणि मग एकदम एफ्ता, ओख्तो, एन्या. हे तीन ग्रीकमधून आलेत, वाटेत कुठे राहिले त्याची खूण. मग परत देश, म्हणजे दहा. एका मंडळाने हौसेने ‘सप्त, अष्ट, नव’ असं स्वतःच भरून तक्ता छापला होता, त्यांना वाटलं मूळ यादीतच चूक आहे. कार्डं छापायच्या आधी सगळी त्यांच्याकडून वाचून घ्या, उच्चार बोलीप्रमाणे बदलतात, आमचीच तीन कार्डं बीबीने फाडून टाकायला लावली.

जुने फोटो मागताना मूळ प्रत घरी घेऊन जाऊ नका. त्यांच्या स्वयंपाकघरात बसून तिथेच मोबाइलने स्कॅन करा, प्रत द्या. कितीतरी घरांत आजोबांचा असा एकच फोटो उरलेला असतो. फोटोखाली काय लिहायचं ते त्यांच्या शब्दात, तुम्ही ‘सुधारू’ नका.

बाकी तयार साहित्य हवं असेल तर रोमआर्काइव्ह नावाचा मोठा डिजिटल संग्रह २०१९ पासून ऑनलाइन आहे, चेकमधल्या ब्रनो शहरात रोमा संस्कृतीचं म्युझियम आहे, बर्लिनला रोमा कला-संस्कृतीची युरोपियन संस्था आहे. शाळेच्या मुलांना चित्रकार दाखवायचे तर पोलंडच्या मावगोजाता मिर्गा-तास, २०२२ च्या व्हेनिस बिएनाले या मोठ्या कलाप्रदर्शनात पोलंडचं दालन त्यांनी कापडाचे तुकडे शिवून केलेल्या मोठमोठ्या चित्रांनी भरलं होतं. आमच्याकडच्या बायकांनी ते बघितलं आणि म्हणाल्या हे तर आपण गोधडीला करतो तसं. मग पुढच्या वर्षी एक कापड मध्ये पसरलं आणि ज्याने त्याने एक तुकडा शिवला, माझ्या सासूबाईंच्या जुन्या इरकलीचा काठ पण आहे त्यात.

७. जेवण आणि गाणं

मेनू त्यांचा. पावभाजी नको, फार तर चहा तुमचा. आमच्याकडे होतात होलुबकी, म्हणजे कोबीच्या पानात भात आणि खिमा गुंडाळून शिजवलेलं, गोया, म्हणजे आतड्यात बटाटा भरून भाजलेली, आणि मारिक्ली, तव्यावरची जाड रोटी, गरम असताना अगदी भाकरीच्या जवळची. यात डुक्कर असतं. आता तुमच्या मंडळातल्या शाकाहारी काकू मदतीला येणार आणि पातेली मंडळाची, तिथे काय होणार तुम्हाला माहितीये. म्हणून आधीच सांगा, पातेली त्यांची किंवा भाड्याची, शाकाहारी टेबल वेगळं, आणि कोणीही नाक मुरडणार नाही. प्रत्येक पदार्थापुढे चिठ्ठी, कशात काय आहे, इथल्या नियमातली १४ ॲलर्जन बघून. वर्षातून एकदा होणाऱ्या अशा जेवणाला सहसा फूड बिझनेस नोंदणी लागत नाही, पण काउन्सिलच्या फूड टीमला एक ईमेल टाकून ठेवा.

किचनमध्ये एक गोष्ट. बऱ्याच जुन्या वळणाच्या घरांत कपडे धुवायचं भांडं वेगळं, ताटं धुवायचं वेगळं, हात धुवायचं वेगळं, असा कडक नियम असतो. आपल्या आजीचं सोवळं ज्यांनी बघितलंय त्यांना लगेच समजेल. मुलाचे चिखलाचे हात किचनच्या सिंकमध्ये धुतलेत आणि मग त्यातच कप विसळलेत, तर काही बायका तो चहा पिणार नाहीत, आणि का ते बोलणार पण नाहीत. दोन टब ठेवा, रंग वेगवेगळे.

गाण्यात एकच मोठी चूक: ‘गेलेम गेलेम’ हे त्यांचं राष्ट्रगीतासारखं गाणं आहे, त्यात कत्तलीची आठवण आहे. चाल छान आहे म्हणून डीजेने ते जेवताना मागे लावलं किंवा पोरांनी त्यावर डान्स बसवला तर पुढच्या रांगेतले लोक उठून उभे राहतात आणि बाकीचे टाळ्या वाजवत असतात, ते दृश्य मी बघितलंय. वाजवायचं तर सुरुवातीला किंवा शेवटी, सगळ्यांना आधी उभं राहायला सांगून.

८. प्रत्यक्ष दिवस, आणि माझी रांगोळी

तर ही गोष्ट सांगायलाच हवी. पहिल्या वर्षी हॉलच्या दारात मी रांगोळी काढली. पाच वाजल्यापासून बसून, ठिपक्यांची, मध्ये कमळ, चार कोपऱ्यांना चार छोटी स्वस्तिकं, लाल रंगात, आई काढते तशी. मला एक क्षणभर सुद्धा काही वाटलं नाही. साडेअकराला पहिलं कुटुंब आलं, आजी पुढे, तिच्या मागे सहा-सात जण. आजी दारात थांबली. खाली बघितलं, मग माझ्याकडे. काही बोलली नाही, नातवाचा हात घट्ट धरला आणि वळली. तिच्या सुनेने मला इंग्लिशमध्ये हळूच विचारलं, “हे इथे का आहे?” मला उत्तर द्यायलाच आलं नाही, मी गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी ते पुसायला लागले, सगळा रंग ड्रेसला. आजी त्या दिवशी आत आलीच नाही. तिच्या वडिलांच्या तीन भावंडांचं काय झालं ते मला नंतर कळलं.

म्हणून यादीत सगळ्यात वर: स्वस्तिक कुठेही नको. रांगोळीत नाही, मंडळाच्या बॅनरवर नाही, पूजेच्या कलशावर नाही, कोणाच्या साडीच्या काठात असेल तर ती साडी त्या दिवशी कपाटात. “आमचं वेगळं आहे, आमचं शुभ असतं” हे समजावून सांगायची ही जागा नाही. रांगोळी काढायचीच तर फुलांची काढा. दीपप्रज्वलन, नारळ, श्लोक हे पण काढून टाका, हा आपला कार्यक्रम नाहीये.

दिवसाचा क्रम आमचा आता असा असतो. दार उघडण्याआधी एक तास स्वयंपाकाच्या बायकांना किचन पूर्ण ताब्यात. लोक आले की लगेच चहा, भाषण नाही. पहिला अर्धा तास फोटो आणि शब्दांची कार्डं, म्हणजे टीचर, शेजारी आणि कुटुंबं आपोआप मिसळतात. मग जेवण. जेवणानंतर बोलणं, तेही त्यांच्यापैकी कोणीतरी, पाच मिनिटं, माइक त्यांच्या हातात, दुभाषी बाजूला. काउन्सिलर आले असतील तर त्यांना दोन मिनिटं, आणि तीही रोमा माणसाच्या आधी नाही, नंतर. शेवटी गाणं, आणि ते सुरू झालं की संपवायची वेळ विसरा, म्हणून हॉल दोन तास जास्तीचा घ्या.

मध्येच तपासायचं: खोलीत एक नजर टाका, सगळे रोमा एका बाजूला आणि सगळे बाकीचे दुसऱ्या बाजूला उभेत का? असतील तर शब्दांची कार्डं परत टेबलावर टाका. आणि कॅमेरावाल्याकडे बघा, तो फक्त स्कर्ट घातलेल्या पोरींचेच फोटो काढतोय का, तर त्याला चहा द्या.

९. नंतरचं काम

फोटो टाकायच्या आधी ज्यांचे आहेत त्यांना दाखवा, मुलांचे आईवडिलांच्या होकाराशिवाय नाहीच. आमच्या पहिल्या पोस्टखाली दीड तासात असल्या कॉमेंट आल्या की शेवटी सगळी पोस्टच काढली. आता कॉमेंट बंद करूनच टाकतो, आणि कधीकधी टाकतच नाही, छापून घरोघरी देतो. छापलेले फोटो सगळ्यांना जास्त आवडतात, फ्रिजवर लागतात.

पंधरा दिवसांत एकदा परत जा. रिपोर्टसाठी फीडबॅक फॉर्म घेऊन नाही, नुसतं. काय आवडलं नाही ते विचारा, पहिल्या विचारण्यात “सगळं छान” म्हणतील, दुसऱ्या चहाला खरं सांगतील. आम्हाला सांगितलं की टीचर लोक लवकर गेले, म्हणून पुढच्या वर्षी शाळा सुटल्याबरोबर ठेवलं.

आणि त्यांची भांडी तुमच्याकडे राहिली असतीलच, दरवर्षी एक तरी मोठी कढई राहते. ती रिकामी परत नेऊ नका. मी पहिल्या वर्षी त्या आजीकडे तिच्या सुनेचं पातेलं घेऊन गेले होते, आत बेसनाचे लाडू. तिने झाकण उघडलं, एक उचलला, वास घेतला, आणि मला आत यायला सांगितलं.